पीजी की व्हीजी : वेपच्या बेसची पार्श्वभूमी

विदर्भातल्या खेड्यात तंबाखू म्हटलं की पानठेल्यावर पन्नीत घोटलेला खर्रा आठवतो, मग बिडी. वेप, म्हणजे ई-सिगारेट, हे शहरी खूळ. नागपूर-पुण्याला शिकणारे पोट्टे सुट्टीत गावी येताना ते सोबत आणतात. देशात बंदी असल्याने तयार कुपी चोरूनच मिळते, म्हणून ‘घरीच मिसळू’ ही टूम निघते. मग प्रश्न येतो बेसचा, म्हणजे निकोटीन ज्यात मिसळायचं त्या द्रवाचा : पीजी की व्हीजी?

व्हीजी म्हणजे वनस्पती तेलातलं ग्लिसरीन. १८व्या शतकात स्वीडनच्या कार्ल शेले यांनी ऑलिव्हचं तेल शिशाच्या ऑक्साईडसोबत तापवून ते वेगळं काढलं. पुढे साबण कारखान्यांत ते जोडउत्पादन म्हणून निघू लागलं. हिवाळ्यात टाचांच्या भेगांना लावायला आपण मेडिकलमधून आणतो ते हेच. घट्ट, गोडसर, वाफ भरपूर. पीजी म्हणजे प्रॉपिलीन ग्लायकॉल. ते पातळ. चव चांगली धरतं, घशाला झटका देतं. पाण्यात न विरघळणारी औषधं सिरपमध्ये उतरवायला ते वापरतात. २००३ च्या सुमारास चीनचे औषधतज्ज्ञ होन लिक यांनी ई-सिगारेट घडवली, तेव्हा निकोटीन पीजीतच मिसळलं. धुराचे ढग काढायच्या हौसेपायी व्हीजीचं प्रमाण वाढलं ते नंतर. पण द्रव तापवणारी तार, म्हणजे कॉइल, कोरडी पडून जास्त तापली की ग्लिसरीनचं अ‍ॅक्रोलिन होतं. कढईत तेल जळल्यावर डोळ्यांना झोंबतं, त्यातही हेच असतं.

सगळी चर्चा व्हीजी-पीजीचं प्रमाण ७०-३० ठेवायचं की ५०-५० यावर चालते. इतिहास मात्र दुसरीकडेच बोट दाखवतो. या दोन्ही द्रवांत डायएथिलीन ग्लायकॉल हे स्वस्त औद्योगिक रसायन भेसळ म्हणून येऊ शकतं. दिसायला तसंच, चवीलाही गोड, आणि मूत्रपिंड निकामी करणारं. १९३७ मध्ये अमेरिकेत त्यात विरघळवलेल्या सल्फा औषधाने शंभरावर माणसं दगावली. १९८६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात भेसळयुक्त ग्लिसरीन दिलेले १४ रुग्ण गेले, न्या. लेंटिन आयोग त्यावरच नेमला होता. २००९ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाला ई-सिगारेटच्या द्रवाच्या एका कुपीत हेच रसायन सुमारे एक टक्का सापडलं.

आणि २०२५ तर आपल्या उंबऱ्याशीच घडलं. शेजारच्या छिंदवाड्यात खोकल्याचं सिरप घेतलेली वीसहून अधिक मुलं गेली. त्यांतल्या अनेकांवर नागपुरात उपचार चालले होते. त्या सिरपच्या नमुन्यात ४८.६ टक्के डायएथिलीन ग्लायकॉल निघालं. परवाना असलेल्या कारखान्यातून हे बाहेर पडत असेल, तर ऑनलाइन मागवलेल्या बिनलेबलच्या कॅनची काय हमी?

बेस म्हणून तेल वापरायचा मोह तर त्याहून वाईट. २०१९ मध्ये अमेरिकेत फुप्फुसाच्या विकाराची साथ आली, तिचा धागा गांजाच्या अर्काच्या वेपमध्ये मिसळलेल्या ‘व्हिटॅमिन ई अ‍ॅसिटेट’ या तेलकट पदार्थापर्यंत पोचला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये भारताने अध्यादेश काढून ई-सिगारेटचं उत्पादन, आयात, विक्री, साठा, जाहिरात सगळं बंद केलं. डिसेंबरमध्ये कायदा झाला. त्यामुळे वेपचा द्रव तपासून विकणारी अधिकृत व्यवस्थाच इथे नाही. काही जण बाटलीवर ‘आयपी’ बघून निश्चिंत होतात. ती खूण भारतीय औषधसंहितेची, पण ती कसोटी औषधात घालायच्या द्रवाची आहे. तापवून छातीत ओढायच्या वाफेसाठी ती लावलेलीच नाही.