निक ऑफ टाइम

अमेरिकन गायिका आणि स्लाइड गिटारवादक बॉनी रेट हिचा दहावा स्टुडिओ अल्बम. २१ मार्च १९८९ रोजी तो कॅपिटॉल रेकॉर्ड्‌सने प्रसिद्ध केला; निर्माता डॉन वॉझ. ‘अगदी ऐन वेळी’ असा या नावाचा अर्थ. वयाच्या चाळिशीच्या उंबरठ्यावर, बाजाराने जवळपास मोडीत काढलेली ही ब्लूज-रॉक गायिका या अल्बममुळे पुन्हा उभी राहिली. ‘मुळांकडे परतणे’ हे त्याचे वर्णन नेहमी केले जाते आणि ते खरेही आहे. फक्त ही मुळे कोणती, ते नीट पाहावे लागते.

बॉनीचा जन्म ८ नोव्हेंबर १९४९ रोजी कॅलिफोर्नियातील बरबँकचा. वडील जॉन रेट ब्रॉडवेच्या संगीत रंगभूमीवरचे नामांकित गायक-नट, आई पियानोवादक. म्हणजे जिथल्या कृष्णवर्णीय मजुरांच्या गाण्यांतून ब्लूज घडले, त्या मिसिसिपीच्या कापसाच्या शेतांशी घराण्याचा काडीचाही संबंध नाही. आठव्या वर्षी नाताळात हाती गिटार आली आणि किशोरवयात न्यूपोर्ट महोत्सवातील ब्लूजची ध्वनिमुद्रिका ऐकून ती त्या संगीताच्या नादी लागली. १९६७ मध्ये ती मॅसॅच्युसेट्‌समधील केंब्रिजला रॅडक्लिफ महाविद्यालयात शिकायला गेली. तिथे जुन्या ब्लूज कलाकारांचे कार्यक्रम ठरवणाऱ्या डिक वॉटरमनशी ओळख झाली आणि ज्यांना लोक फक्त तबकड्यांवर ऐकत होते ते सन हाउस, मिसिसिपी फ्रेड मॅकडॉवेल, सिपी वॉलेस तिला प्रत्यक्ष भेटले. मॅकडॉवेल यांच्यासोबत ती दौऱ्यांवर गेली, त्यांच्याकडून स्लाइड शिकली. वारशाने न मिळालेली ही विद्या तिने अशी गुरूंच्या पायाशी बसून मिळवली.

स्लाइड वादनात गिटारच्या तारा बहुधा आधीच एका कॉर्डमध्ये, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या स्वरांच्या मेळात, जुळवून ठेवतात. बोटात काचेची नळी, म्हणजे मूळची बाटलीची मान, घालून ती तारेवरून सरकवायची. पडद्यांच्या मधले सारे स्वर त्यात हाती येतात. विचित्रवीणेवर बट्टा फिरताना जी मींड ऐकू येते, तिच्या जवळचा हा प्रकार. मराठी कानाला तो परका वाटत नाही. बहुतेक वादक नळी अनामिकेत किंवा करंगळीत घालतात. बॉनी ती मधल्या बोटात घालते. कोणी सांगायच्या आधीच तशी सवय लागली होती आणि ती तशीच राहिली. तिचा स्वर फार न थरथरता, माणसाच्या गळ्यासारखा लांबतो.

१९७१ ते १९८२ या काळात वॉर्नर ब्रदर्ससाठी तिने आठ अल्बम केले. समीक्षकांची दाद मिळाली, विक्री बेताची राहिली. मधल्या काही अल्बमांवर रेडिओला रुचेल असा मुलामा चढत गेला आणि त्यात गिटार मागे पडली. १९८३ मध्ये तयार झालेला अल्बम बाजूला ठेवून कंपनीने तिचा करार संपवला. तोच पुढे काही गाणी नव्याने करून १९८६ मध्ये ‘नाइन लाइव्ह्‌ज’ नावाने बाहेर आला आणि पडला. दारूचे व्यसनही होते. १९८७ मध्ये तिने दारू सोडली. त्याच सुमारास पॉप गायक प्रिन्सबरोबर काही ध्वनिमुद्रण झाले, पण त्यातून अल्बम उभा राहिला नाही.

डॉन वॉझशी गाठ पडली ती डिस्ने चित्रपटगीतांच्या ‘स्टे अवेक’ (१९८८) या संकलनाच्या निमित्ताने. त्यासाठी तिने ‘डम्बो’मधली अंगाई त्याच्या बँडबरोबर गायली. ब्लूज गायिका आणि हत्तीच्या पिल्लाची अंगाई, हा योग कोणी ठरवून जुळवला नसता. वॉझ डेट्रॉइटचा, फंक आणि नृत्यसंगीतातून आलेला. तरी त्याने तिच्यावर चकचकीत काही लादले नाही. ऐंशीच्या दशकातल्या ढोलांचा घणाघात आणि सिंथेसायझरची भिंत इथे नाही. वाद्ये आवाजाला जागा देऊन वाजतात. बासवर जेम्स ‘हच’ हचिन्सन आणि ड्रम्सवर रिकी फटार ही जोडी ठेका सैल, पण पक्का धरते.

अकरा गाण्यांपैकी फक्त दोन बॉनीने स्वतः लिहिली आहेत, पहिले आणि शेवटचे. पहिले, शीर्षकगीत, ब्लूज नाहीच. हलक्या ठेक्यावरच्या या गाण्यात मूल हवे असूनही वेळ निसटत चाललेली मैत्रीण येते, म्हातारे होत चाललेले आईवडील येतात आणि शेवटी उशिरा का होईना लाभलेले प्रेम. पॉप संगीतात बाईच्या चाळिशीबद्दल इतके सरळ तोवर क्वचितच कोणी गायले होते. ‘थिंग कॉल्ड लव्ह’ हे गायक-गीतकार जॉन हायटचे गाणे. त्याच्या मूळ १९८७ च्या ध्वनिमुद्रणात स्लाइडचा नामांकित वादक राय कूडर गिटारवर होता, म्हणजे तुलना अवघडच. बॉनी तिथे स्पर्धेला जात नाही. स्लाइड खट्याळपणे गाण्याच्या ओळींना उत्तरे देत राहते. बॉनी हेज या दुसऱ्या एका गायिका-गीतकाराच्या ‘हॅव अ हार्ट’ला रेगेची डौलदार चाल आहे. ‘आय एन्ट गॉना लेट यू ब्रेक माय हार्ट अगेन’मध्ये सोबतीला जॅझवादक हर्बी हॅनकॉकचा पियानो आहे, अल्बममधले सर्वांत उत्तम गायन इथलेच, असे प्रस्तुत लेखकाचे मत. शिकागो वळणाचा रांगडा ब्लूज हवा असेल तर शेवटच्या गाण्यापर्यंत थांबावे लागते: तिथे फॅब्युलस थंडरबर्ड्‌स या ब्लूज-रॉक बँडच्या किम विल्सनची माउथऑर्गन आहे.

बारा ‘बार’चा, म्हणजे बहुधा चार-चार मात्रांच्या बारा आवर्तनांचा, ठरीव ब्लूज मोजायला बसले तर हा अल्बम ‘मुळांचा’ ठरणार नाही. परतले ते सुरुवातीच्या, विशेषतः १९७२ च्या ‘गिव्ह इट अप’मधल्या, मांडणीचे प्रमाण. ब्लूज, संथ प्रेमगीते आणि समकालीन कवी-गायकांची गाणी एका पंगतीत बसवायची आणि त्या सगळ्यांवर एकाच बाईच्या गळ्याची व गिटारची मोहोर उमटवायची.

अल्बम सावकाश खपत होता. २१ फेब्रुवारी १९९० च्या ग्रॅमी सोहळ्यात ‘वर्षातील सर्वोत्तम अल्बम’सह तीन पुरस्कार त्याला मिळाले. ब्लूज गायक जॉन ली हूकरबरोबरच्या ‘आय्‌म इन द मूड’ या द्वंद्वगीताचा चौथा पुरस्कारही त्याच रात्री तिला मिळाला. त्यानंतर, प्रकाशनाला वर्ष उलटून गेल्यावर, अल्बम बिलबोर्ड साप्ताहिकाच्या खपाच्या यादीत पहिल्या क्रमांकावर पोहोचला. अमेरिकेत त्याच्या ५० लाखांहून अधिक प्रती गेल्या. लायब्ररी ऑफ काँग्रेसने २०२२ मध्ये त्याची राष्ट्रीय ध्वनिमुद्रण नोंदवहीत निवड जाहीर केली. १९९१ चा ‘लक ऑफ द ड्रॉ’ हा पुढचा अल्बमही वॉझबरोबरच झाला आणि तो आणखी खपला.

हे यश पाहायला मॅकडॉवेल (मृत्यू १९७२) आणि सिपी वॉलेस (मृत्यू १९८६) नव्हते. ‘मी रॉक अँड रोल वाजवत नाही’ असे आपल्या १९६९ च्या अल्बमच्या नावातच बजावणाऱ्या मॅकडॉवेल यांच्या शिष्येला या अल्बमच्या तीनपैकी एक ग्रॅमी रॉक गायनासाठी मिळाला, ही गंमत त्यांना बहुधा आवडली असती. जुन्या ऱ्हिदम अँड ब्लूज कलाकारांना आर्थिक आणि वैद्यकीय मदत करणाऱ्या ऱ्हिदम अँड ब्लूज फाउंडेशनच्या उभारणीत बॉनीचा १९८८ पासून सहभाग होता. मिसिसिपीत कोमो गावाजवळ मॅकडॉवेल यांच्या थडग्यावरच्या दगडावर त्यांचे नावच चुकीचे कोरलेले होते. १९९३ मध्ये तिथे नवा दगड बसला. त्याचा खर्च बॉनीने दिला.