ब्लूग्रास हे शेकडो वर्षं जुनं लोकसंगीत नाही

अमेरिकेतल्या ब्लूग्रासबद्दल एक समज घट्ट रुजला आहे: अॅपलेशियन डोंगरांतल्या गोऱ्या शेतकऱ्यांनी शतकानुशतकं जसंच्या तसं जपलेलं हे संगीत. ते खरं नाही.

ब्लूग्रास रेडिओच्या जमान्यात घडलं. त्याचे जनक मानले जाणारे बिल मन्रो १९११ साली केंटकीतल्या रोझीन गावी जन्मले. हे गाव त्या डोंगरांत नव्हे, राज्याच्या पश्चिम भागात आहे. तरुणपणी ते इंडियानात तेलशुद्धीकरण कारखान्यात राबले. १९३९ मध्ये नॅशव्हिलच्या ‘ग्रँड ओल ऑप्री’ या रेडिओ कार्यक्रमात त्यांचा ‘ब्लू ग्रास बॉइज’ हा बँड दाखल झाला. पुढे बँडचंच नाव संगीतप्रकाराला मिळालं. १९४५ च्या अखेरीस अर्ल स्क्रग्ज आले आणि बँजो या गिटारसारख्या तंतुवाद्यावरच्या त्यांच्या तीन बोटांच्या वेगवान वादनाने आज आपण ओळखतो तो बाज पक्का झाला. बँडमधले गायक-गिटारवादक लेस्टर फ्लॅट यांच्यासह ते १९४८ मध्ये बँडमधून बाहेरही पडले. म्हणजे घडणीचा खरा काळ जेमतेम काही वर्षांचा!

जुन्या इंग्रजी-स्कॉटिश धून त्यात आहेत, हे मान्यच. पण बँजोचं मूळ आफ्रिकेतून गुलाम करून आणलेल्या माणसांकडे जातं. आणि मला सर्वांत जास्त खटकतं ते आर्नल्ड शुल्ट्झ यांचं विस्मरण. हे कृष्णवर्णीय गिटार आणि फिडल (व्हायोलिन) वादक. किशोरवयातले मन्रो नाचाच्या कार्यक्रमांत त्यांच्यासोबत वाजवत, आणि त्यांचं ऋण मन्रो स्वतः मान्य करत. शुल्ट्झ १९३१ मध्ये वारले. त्यांच्या वादनाचं एकही ध्वनिमुद्रण नाही.