चित्रपट मावतात, प्रेक्षक मावत नाहीत

डिसेंबर १९९४ मध्ये टाइम वॉर्नरने अमेरिकेतल्या ऑरलँडोत ‘फुल सर्व्हिस नेटवर्क’ सुरू केलं. हवा तो चित्रपट, हवा तेव्हा, मध्येच थांबवायचीही सोय. चित्रपट सिलिकॉन ग्राफिक्सच्या सर्व्हरना जोडलेल्या हार्ड डिस्कवर. सुमारे चार हजार घरं जोडली गेली, पण खर्च झेपेना आणि १९९७ मध्ये गाशा गुंडाळावा लागला.

व्हिडिओ सर्व्हरचं दुखणं तेव्हापासून तेच आहे. जागा विकत मिळते. एकाच वेळी किती जणांना वाचून देता येईल, तिथे घोडं अडतं. मिनिटाला ७,२०० फेरे घेणारी आजची डिस्क सलग वाचली तर सेकंदाला दीडशे एमबी सहज देते. सेकंदाला ५ मेगाबिटच्या व्हिडिओला (आठ बिटांचा एक बाइट) सेकंदाला जेमतेम ०.६ एमबी लागतो, म्हणजे कागदावर २४० प्रेक्षक. पण कुणी मध्यंतरापाशी, कुणी शेवटच्या मारामारीपाशी. डिस्कवरचा डेटा वाचणाऱ्या हेडला प्रत्येकासाठी नव्या जागी जावं लागतं आणि त्यात दर वेळी साधारण १२ मिलिसेकंद जातात. तिथे पोचून ६४ केबीच उचलले तर त्या डिस्कवर आठच जण निभतात. एक एमबी उचलला तर ऐंशीच्या घरात. मोठा घास घ्यायचा तर रॅमही तेवढी हवी, आणि नव्वदीत रॅम फार महाग होती.

मग भार वाटायची युक्ती आली. बर्कलीतल्या संशोधकांनी १९८८ मध्येच ‘रेड’ मांडलं होतं: स्वस्त डिस्कचा जथा करून त्यांना एकच समजायचं. मायक्रोसॉफ्टच्या ‘टायगर’ सर्व्हरने पुढे जाऊन प्रत्येक चित्रपटाचे तुकडे सगळ्या यंत्रांच्या सगळ्या डिस्कवर पसरले, म्हणजे एखाद्या चित्रपटावर उड्या पडल्या तरी एकच डिस्क भरडली जाणार नाही.

नेटफ्लिक्सने २०१२ मध्ये ‘ओपन कनेक्ट’ हे व्हिडिओ पोचवणाऱ्या स्वतःच्या सर्व्हरचं जाळं जाहीर केलं, त्यात मात्र रेडला चक्क फाटा दिला. एका सर्व्हरच्या पेटीत ३६ हार्ड डिस्क, मिळून शंभर टीबीच्या आसपास, प्रत्येक डिस्क स्वतंत्र. एखादी गेली तर गेली; तिच्यावरचं सगळं दुसऱ्या सर्व्हरवर असतंच. नवा माल वर्दळ कमी असताना भरायचा. मला हा निर्णय सगळ्यात धीट वाटतो, पण मूळ प्रत दुसरीकडे सुरक्षित असेल तरच तो परवडतो. आपल्या एकुलत्या सर्व्हरवर कुणी त्याची नक्कल करू नये.

एसएसडीला, म्हणजे फ्लॅश चिपांवर साठवणाऱ्या डिस्कला, हेडच नाही, त्यामुळे उडीचा प्रश्नच मिटला. तरी हार्ड डिस्क हद्दपार झाली नाही, कारण टीबीमागे ती अजून स्वस्त पडते. म्हणून जास्त मागणीचं फ्लॅशवर आणि क्वचित कुणी मागेल ते डिस्कवर, अशी वाटणी रूढ झाली. थेट सामन्यात तर डिस्कचा फारसा संबंधच उरत नाही: २०२३ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्याला हॉटस्टारवर ५.९ कोटी प्रेक्षक एकाच वेळी होते, पण त्यातल्या बहुतेकांना हवे होते तेच ताजे काही सेकंद, आणि ते रॅममध्येच मावतात.

नेटफ्लिक्सच्या अभियंत्यांनी २०२१ मध्ये एकाच सर्व्हरमधून सेकंदाला ४०० गिगाबिटच्या घरात व्हिडिओ पाठवून दाखवला. त्या वेळी अडसर डिस्कचा नव्हता, रॅममधून डेटा आत-बाहेर नेण्याच्या वेगाचा होता. एन्क्रिप्शनचं, म्हणजे पाठवायचा डेटा सांकेतिक करण्याचं, काम नेटवर्क कार्डाकडे सोपवल्यावर तो सैल झाला.