जायंट ॲलियम (शोभेचा कांदा)

जायंट ॲलियम म्हणजे कांदा-लसणाच्याच वंशातली, पण खाण्यासाठी नाही तर फुलासाठी लावली जाणारी कंदवर्गीय झाडं. लॅटिनमध्ये ॲलियम म्हणजे लसूण, आणि या वंशात 900 च्या वर जाती आहेत, त्यातल्या मोजक्याच स्वयंपाकघरात आल्या आणि काही बागेत गेल्या. कांदा पिकवणाऱ्याला डेंगळा आला की तो कपाळाला हात लावतो, कारण दांड्यावर फूल आलं की खाली कांदा पोसत नाही. इथे बरोबर उलटं आहे, सगळा खटाटोप त्या डेंगळ्यासाठीच.

जायंट हे नाव तसं सैल वापरलं जातं. खरा राक्षस म्हणजे ॲलियम जायगँटियम, ज्याचं शास्त्रीय वर्णन सेंट पीटर्सबर्गच्या वनस्पती उद्यानातल्या एडुआर्ड रेगेल यांनी 1883 साली केलं. हा दीड मीटरपर्यंत सहज जातो, कधी त्याच्याही वर, आणि टोकाला 10 ते 15 सेंमीचा जांभळा गेंद. पण उंची आणि गेंदाचा आकार यांचा एकमेकांशी संबंध असतोच असं नाही. क्रिस्टोफी या जातीचा ॲलियम जेमतेम गुडघ्यापर्यंत येतो आणि गेंद मात्र 20 सेंमीचा, त्यातलं प्रत्येक चांदणीसारखं फूल धातूसारखं चमकतं. शुबर्टी या जातीचं तर काही विचारू नका, फटाका फुटल्यासारखे कमी-जास्त लांबीचे देठ चहूकडे पसरलेले, रुंदी 30 सेंमीच्या आसपास. ग्लोबमास्टर हा वाण क्रिस्टोफी आणि मॅकलिनाय या दोन जातींचा संकर, याची फुलं जास्त दिवस टिकतात कारण तो वांझ आहे, बी धरत नाही. पांढरं हवं असेल तर माउंट एव्हरेस्ट हा वाण. आणि पहिल्यांदाच लावणाऱ्याने माझं ऐकायचं तर पर्पल सेन्सेशन या वाणापासून सुरुवात करावी, गेंद लहान असतो पण सहसा दगा देत नाही.

यातले बरेचसे मूळचे इराण, अफगाणिस्तान आणि मध्य आशियाच्या डोंगराळ भागातले. तिथे हिवाळा कडक, वसंतात थोडा ओलावा, आणि उन्हाळा एकदम कोरडा ठणठणीत. हे एवढं डोक्यात ठेवलं की पुढची सगळी पथ्यं आपोआप कळतात. थंडीत कंद मुळं धरतो आणि फुलाच्या तयारीला लागतो, वसंतात घाईघाईने पात काढून अन्न साठवतो, फुलतो आणि उन्हाळ्यात जमिनीखाली झोपून जातो. झोपेत त्याला पाणी नको असतं.

कंद शरद ऋतूत लावायचे. जायगँटियमचा चांगला कंद टेनिस बॉलएवढा असतो, वर कागदासारखं साल, खाली मुळांची चपटी तबकडी, आणि हातात घेतला की कांद्याचा वास येतोच. दाबून बघायचा, मऊ लागला किंवा तबकडीजवळ बुरशी दिसली तर बाजूला काढायचा. खोली कंदाच्या उंचीच्या तिप्पट-चौपट, म्हणजे मोठ्यांसाठी 15 ते 20 सेंमी, आणि दोन कंदांत साधारण 20 ते 30 सेंमी. वरवर लावले की दांडे वाऱ्याला झुकतात, त्यामुळे इथे आळस नको. जागा भरपूर उन्हाची, आणि जमीन निचऱ्याची असलीच पाहिजे, चिकण माती असेल तर खाली बारीक खडी मिसळावी किंवा वाफा उंच करावा. जिथे हिवाळा नावालाच असतो तिथे कंद लावायच्या आधी काही आठवडे फ्रिजमध्ये ठेवतात, फक्त शेजारी पिकणारी फळं ठेवायची नाहीत, त्यांच्यातून इथिलीन वायू निघतो आणि त्याने आतला फुलाचा कोंब खराब होऊ शकतो.

आता सगळ्यात जास्त गोंधळ होतो तो पातीचा. पात रुंद, पट्ट्यासारखी, थोडी राखाडी हिरवी, जमिनीलगत पसरलेली, आणि दांडा वर चढायला लागला की ती टोकाकडून पिवळी पडायला लागते, फूल उमलेपर्यंत तर अगदीच चोथा झालेली असते. नवीन माणूस घाबरतो, रोग आला म्हणून पाणी वाढवतो, खत टाकतो, आणि जमीन जड असेल तर त्या पाण्यानेच कंद सडतो. खरं तर तो रोग नाहीच, पातीचं काम संपत आलेलं असतं आणि ती उरलंसुरलं सगळं कंदात उतरवत असते. म्हणून दिसायला कितीही वाईट वाटली तरी पूर्ण वाळेपर्यंत कापायची नाही, तिला गाठी मारायच्या नाहीत, यंदाची पात म्हणजे पुढच्या वर्षीचं फूल. त्यापेक्षा पुढे होस्टा किंवा जिरेनियमसारखं काहीतरी पसरणारं लावावं, पात झाकली जाते आणि दांडे त्यातून वर आलेले छान दिसतात.

फूल उमलताना बघण्यासारखं असतं. आधी दांड्याच्या टोकाला पातळ पापुद्र्यात गुंडाळलेली टोकदार कळी, मग एक दिवस पापुद्रा एका बाजूने फाटतो आणि आत हिरव्या दाण्यांचा घट्ट गोळा दिसतो. नंतर रोज प्रत्येक दाण्याचा देठ थोडा थोडा लांबतो, गोळा फुगत जातो आणि शेकडो सहा पाकळ्यांच्या चांदण्या उघडतात. वनस्पतीशास्त्रात याला चामरकल्प फुलोरा म्हणतात. मधमाश्या तर तुटून पडतात. वास म्हणाल तर पात चुरगळल्याशिवाय कांद्याचा वास फारसा येत नाही, पण तेवढ्यानेही हरणं आणि ससे सहसा लांब राहतात. कुत्र्या-मांजरांना मात्र हा कंद विषारी, खाण्याच्या कांद्याइतकाच, उकरायची सवय असलेला कुत्रा घरात असेल तर सांभाळून.

रोगांमध्ये पांढरी कुज सगळ्यात वाईट, एकदा आली की तिचे बीजाणूसारखे काळे दाणे मातीत कित्येक वर्षं टिकतात, म्हणून जिथे कांदा-लसणाला ही कुज लागली होती तिथे हे कंद लावूच नयेत. तांबेरा पण येतो, पण तो एवढा जीवघेणा नाही.

दोन-चार वर्षांनी कंदाला पिल्लं फुटून गर्दी झाली की फुलं लहान येतात, तेव्हा पात वाळल्यावर उकरून वेगळे करायचे आणि शरदात परत लावायचे. बियांपासून पण करता येतं, बी थंडी खाल्ल्यावर उगवतं, पण फुलायला 3 ते 5 वर्षं लागतात आणि संकरित झाडाचं बी आईसारखं निघेलच असं नाही. सुकलेले गेंद लोक फुलदाणीत महिनोन्‌महिने ठेवतात. शुबर्टीचा तोडला नाही तर वाळल्यावर दांड्यापासून सुटतो, वाऱ्याबरोबर चेंडूसारखा गडगडत जातो आणि जाता जाता काळं बी सांडत राहतो.