कडबी चौकातील इंजिन आणि तिनधरियाचा कारखाना

दार्जिलिंगहून परतलेले नागपूरकर तिथल्या छोट्या रेल्वेच्या वाटेवरील तिनधरिया या गावाविषयी बोलताना ‘आपल्या कडबी चौकासारखेच रेल्वेचे संग्रहालय’ असे सहज म्हणून जातात. दोन्हीकडे इंग्रजी अमदानीतील नॅरो गेजचा, म्हणजे अरुंद रुळांच्या रेल्वेचा, वारसा असल्याने ही गल्लत स्वाभाविक आहे. परंतु कडबी चौकात संग्रहालय आहे आणि तिनधरियाला कारखाना, आणि एवढे ध्यानात ठेवले की दोन्ही ठिकाणी काय पाहायचे, तेच बदलते.

कडबी चौकातील हे संग्रहालय, म्हणजे मोतीबागेतील नॅरो गेज रेल्वे संग्रहालय, १४ डिसेंबर २००२ रोजी सुरू झाले. बंगाल-नागपूर रेल्वेच्या ७६२ मिलिमीटर रुंदीच्या मार्गांची स्मृती तेथे जपली आहे. छिंदवाड्याची छोटी गाडी २०१५ मध्ये आणि नागभीडची २०१९ मध्ये रुंदीकरणासाठी थांबली, त्यामुळे आपल्या मुलांना ती गाडी दाखवायची तर आता येथेच यावे लागते.

तिनधरियाचे तसे नाही. तेथून जाणारी दार्जिलिंगची रेल्वे १८८१ मध्ये दार्जिलिंगपर्यंत पोहोचली, तिचे रूळ ६१० मिलिमीटरचे आहेत आणि १९९९ पासून ती युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. १८८९ पासून बनत गेलेल्या बी वर्गाच्या वाफेच्या इंजिनांपैकी काही आजही धावतात. त्यांचे सुटे भाग बाजारात मिळत नाहीत, म्हणून ते ओतून, घडवून, लेथवर कातून तयार करावे लागतात. बेअरिंग बसवताना कारागीर रंग लावून ते नेमके कुठे घासते हे पाहतो, तेवढाच भाग हाताने खरवडतो आणि पुन्हा बसवून पाहतो. हे काम पाट्या वाचून कळत नाही, त्यासाठी कारागिराच्या हातांकडे पाहत थांबावे लागते.

यातून अस्सलपणाचा प्रश्न उभा राहतो. उभ्या इंजिनाचे मूळ लोखंड टिकते. धावणाऱ्या इंजिनाच्या बॉयलरच्या नळ्या आग आणि पाणी खाऊन टाकतात, चाकांच्या धावा झिजतात, आणि त्या बदलल्याशिवाय गत्यंतर नसते. जुन्या धातूचे वजन मोजले तर कडबी चौक जिंकेल. तरीही माझ्या मते तिनधरियाने अधिक दुर्मीळ गोष्ट राखली आहे, कारण कसब काचेच्या पेटीत ठेवता येत नाही आणि काम थांबले की एका पिढीत ते नाहीसे होते.

कारखाना पाहायला जाताना परवानगी आधी घ्यावी आणि कामगारांच्या वाटेत उभे राहू नये. संग्रहालयात मात्र घाई करू नये. वाफेच्या इंजिनाजवळ रिबिटांच्या, म्हणजे पत्रे जोडणाऱ्या जाड खिळ्यांच्या, ओळी दिसतील. प्रत्येक रिबिट लालभडक तापवून छिद्रात घालत, एका बाजूने आधार देऊन दुसऱ्या बाजूने ठोकत, आणि ते थंड होताना आक्रसले की दोन्ही पत्रे एकमेकांवर घट्ट आवळले जात.