तेच तेच पुन्हा का? आमच्या वर्गातल्या ड्रिलविषयी

मार्शल आर्ट्सच्या वर्गात येऊन महिना होत आला की ‘अजून किती दिवस तेच तेच?’ हा प्रश्न निघतोच. पालक तो जरा लवकरच विचारतात. प्रश्न रास्त आहे, म्हणून हे पत्रक.

ड्रिल म्हणजे लढतीतला एक छोटा तुकडा वेगळा काढून तो अंगवळणी पडेपर्यंत घोटणं. ठोसा समोरून येतो तेव्हा विचार करत बसायला सवड नसते. त्यात डोक्यात पर्याय जितके जास्त, तितका निर्णयाला वेळ लागतो. मानसशास्त्रज्ञ विल्यम हिक यांनी १९५२ मध्ये हे मोजून दाखवलं. म्हणून दहा बचाव कच्चे येण्यापेक्षा दोन पक्के यावेत, असं आमचं मत आहे.

सगळ्यात आधी आम्ही पडायला शिकवतो. ज्युदोत याला उकेमी म्हणतात. मागे पडताना हनुवटी छातीशी आणायची, नजर पट्ट्याच्या गाठीवर, पाठ गोल. पाठ टेकते त्याच क्षणी दोन्ही हात अंगापासून थोडे बाजूला घेऊन तळव्यांसकट मॅटवर आपटायचे आणि श्वास सोडायचा. नवखा माणूस मात्र हात मागे टेकून स्वतःला सावरू पाहतो आणि सगळा भार मनगटावर नाहीतर कोपरावर येतो. ही उपजत सवय समजावून जात नाही. आधी झोपून, मग उकिडवं बसून, मग उभ्याने, असं पडून पडूनच ती सुटते. इथे आम्ही घाई करत नाही, कोणी कितीही आग्रह केला तरी.

मग येते फेक. जिगोरो कानो यांनी १८८२ मध्ये कोडोकान ही ज्युदोची शाळा स्थापन केली, तिथून पसरलेल्या ज्युदोत उचिकोमी नावाचा सराव आहे. जोडीदाराचा तोल बिघडवायचा, आत शिरायचं आणि फेकायच्या क्षणी थांबून मागे यायचं. पाहणाऱ्याला हे अर्धवट वाटतं. पण पाय कुठे पडला, आपली कंबर त्याच्या कंबरेखाली गेली का, यावरच फेक बहुतेक वेळा ठरते. पूर्ण फेकण्याचा सराव म्हणजे नागेकोमी आणि मोकळी झुंज म्हणजे रांदोरी. कराटेतही किहोन (मूळ हालचाली), काता (ठरलेल्या क्रमाने केलेल्या हालचाली) आणि कुमिते (जोडीदाराशी झुंज) असे टप्पे आहेतच.

पण नुसतं तेच तेच घोटून लढता येत नाही, हेही आम्ही स्पष्ट सांगतो. जोडीदार पुतळ्यासारखा उभा राहिला तर ड्रिल देखणं दिसतं आणि झुंजीत कोलमडतं. शे आणि मॉर्गन या संशोधकांनी १९७९ मध्ये हातांच्या हालचालींवर एक प्रयोग केला. एकेक हालचाल सलग घोटणारे सरावात पुढे दिसले. नंतरच्या चाचणीत मात्र हालचाली मिसळून सराव केलेले सरस ठरले. आमच्याकडेही हालचाल एकदा बसली की जोडीदार थोडा विरोध करू लागतो, अंतर बदलतो, वेळ चुकवतो. ठोसे झेलायला हातात पॅड धरणाराही नुसता उभा राहत नाही. ठोसा मारून परतणारा हात गालाशी न येता खाली राहिला, की पॅड त्या गालाला अलगद टेकवतो. ओरडून सांगण्यापेक्षा तो स्पर्श लवकर समजतो.

असा मिश्र सराव सुरू झाला की चुका वाढतात. पालकांनो, त्या आठवड्यांत मूल मागे पडल्यासारखं वाटेल. कृपया तेव्हा त्याला वर्गातून काढू नका.

घरी आरशासमोर रोज दहा मिनिटं पुरेत, तीही सावकाश. पवित्रा ढिला पडू लागला की थांबा, कारण चुकीची हालचालही तितकीच पक्की बसते. सांधा दुखत असेल तर आकडा पूर्ण करायच्या मागे लागू नका. प्रशिक्षकांना त्याच दिवशी सांगा, ते ड्रिल बदलून देतील.