एबीसी केंद्र म्हणजे शेल्टर नव्हे

आठवड्यातून चार-पाच वेळा तरी हा फोन येतो. "ताई, सोसायटीत सहा कुत्री झालीत, तुमच्या शेल्टरला घेऊन जाता का?" मी विचारते, "दादा, त्यांची नसबंदी झालीय का? कान बघितलेत?" पलीकडे क्षणभर शांतता. मग, "कानाचं काय?"

मी ज्या केंद्रात काम करते ते एबीसी केंद्र आहे, म्हणजे भटक्या कुत्र्यांच्या नसबंदीचं केंद्र, शेल्टर नाही. बाहेरून दोन्ही सारखीच दिसतात. जाळीची दारं, फिनेलचा वास, भुंकणं, फाटकाशी उभी व्हॅन. पण एकात कुत्रं येतं ते आठवड्याभरात परत जाण्यासाठी, आणि दुसऱ्यात ते राहायलाच येतं. हा फरक लक्षात न आल्यामुळे कुत्र्यांचे हाल होतात आणि लोकांनी पोटाला चिमटा काढून दिलेले पैसेही वाया जातात.

एबीसी म्हणजे अ‍ॅनिमल बर्थ कंट्रोल. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली त्याचे नियम २००१ मध्ये आले, २०२३ मध्ये ते नव्याने झाले. गाभा तोच राहिला: कुत्रं पकडायचं, नसबंदी करायची, रेबीजची लस टोचायची आणि जिथून उचललं तिथेच सोडायचं. म्हणून आमच्या नोंदवहीत ठिकाण अगदी बारकाईने लिहितात. नुसतं पेठेचं नाव चालत नाही, 'मारुतीच्या देवळामागची पिठाची गिरणी' असं लिहावं लागतं. गळ्यात नंबराचा पट्टा अडकवायचा, भूल असतानाच नसबंदीची खूण म्हणून कानाच्या टोकाला खाच द्यायची, नंतर चार-पाच दिवस टाके बघायचे. गिरणीपाशी व्हॅनचं दार उघडलं की कुत्री लगेच उतरत नाही. आधी नाक बाहेर काढून हुंगते. पिठाचा वास ओळखीचा वाटला की अशी उडी मारते, की दोरी हातात राहते आणि ती गिरणीच्या पायरीवर पोचलेलीसुद्धा असते.

तिथेच का सोडायचं, हा प्रश्न लोक रागाने विचारतात, आणि रागही समजण्यासारखा आहे. कुणाच्या तरी लेकराला कुत्रं चावलेलं असतं. पण कचरा आणि खरकटं जागच्या जागी असेल, तर रिकाम्या झालेल्या गल्लीत दुसरी कुत्री येतात, आणि त्यांची नसबंदी झालेली नसते. मादी साधारण वर्षातून दोनदा माजावर येते आणि ६३ दिवसांच्या आसपास विते. म्हणजे वर्षभरात आपण पुन्हा होतो तिथेच.

२०२५ मध्ये गोंधळ आणखी वाढला. ११ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली परिसरातली कुत्री उचलून निवाऱ्यात ठेवायला सांगितलं. २२ ऑगस्टला तो आदेश बदलला: रेबीज झालेली आणि आक्रमक कुत्री सोडून बाकीची नसबंदी व लसीकरणानंतर त्याच भागात सोडायची. नोव्हेंबरमध्ये मात्र शाळा, रुग्णालयं, बस आणि रेल्वे स्थानकं यांच्या आवारातली कुत्री तिथे परत सोडू नयेत, असं सांगितलं. अशा कुत्र्यांसाठी शेल्टर लागणारच, ते एबीसी केंद्राच्या पिंजऱ्यांत बसवता येणार नाही.

शेल्टरची कल्पना मुंबईला नवी नाही. १८३२ मध्ये इंग्रज सरकार भटकी कुत्री मारत होतं, त्यावरून शहरात दंगल झाली. त्यानंतर दोन वर्षांनी जमशेटजी जीजीभाई आणि अमीचंद शहा यांनी भुलेश्वरला पांजरपोळ उभारली. कुत्र्यांपायी निघालेल्या त्या जागेत आज मुख्यतः गायी आहेत.

आता पैशांचं. कुत्रं एका पिंजऱ्यात सहा-सात दिवस राहिलं, तर तोच पिंजरा वर्षात पन्नासेक कुत्र्यांच्या कामी येतो. कंबरेतून गेलेलं, मागचे पाय लुळे पडलेलं कुत्रं शेल्टरमध्ये आलं तर ते आठ-दहा वर्षं तिथेच राहील, आणि राहायलाच हवं. त्याला दुसरीकडे जागा नाही. दोन्ही कामं करण्यासारखी आहेत. फक्त एकाचा पिंजरा दुसऱ्याने अडवू नये. एका पहाटे आमच्या फाटकाला कुणीतरी पिल्लू बांधून गेलं. दुपारपर्यंत त्याला रक्ताचे जुलाब सुरू झाले. गॅस्ट्रो, म्हणजे पार्व्हो. हा विषाणू फरशीवर महिनोन्‌महिने टिकतो. आम्ही शस्त्रक्रिया थांबवल्या आणि पुढचे काही दिवस ब्लीचच्या पाण्याने भिंती घासत बसलो. ज्याने पिल्लू सोडलं त्याला वाटलं असणार, आपण त्याला शेल्टरला पोचवलं. पिल्लू वाचलं नाही.

जखमेत अळ्या, खरूज, मोडलेलं नख अशा दुखण्यांना पिंजरा लागतच नाही. रोज खायला घालणारी एखादी मावशी बरोबर असेल तर गल्लीतच औषध होतं, आणि ते सर्वांत स्वस्त पडतं. लशीचंही तसंच. गोव्यात २०१४ पासून गल्लोगल्ली फिरून कुत्र्यांना रेबीजची लस दिली गेली, साधारण ७० टक्के कुत्र्यांपर्यंत पोचायचं या हिशेबाने. २०२१ मध्ये ते राज्य रेबीज-नियंत्रित क्षेत्र जाहीर झालं. वाचली ती माणसं.

आणि माणसांवरून त्या काकू आठवतात. त्या आपली पॉमेरियन ओढणीत गुंडाळून घेऊन आल्या. "ठेवून घ्या हो हिला. ऑपरेशनचे पैसे नाहीत माझ्याकडे, आणि डोळ्यांदेखत मरू कशी देऊ?" गर्भाशयात पू झाला होता. त्यावर शस्त्रक्रिया म्हणजे गर्भाशय काढणं, जे आमचे डॉक्टर रोजच करतात. हे दुखणं असताना ती जास्त जोखमीची असते, एवढंच. तिला ठेवून घेतलं असतं तर नऊ वर्षांची, घरात वाढलेली कुत्री जन्मभर पिंजऱ्यात राहिली असती, आणि काकू एकट्या. डॉक्टर रविवारी आले, औषधांचा खर्च देणगीतून भागवला. टाके सुकेपर्यंत काकू रोज डब्यात दहीभात घेऊन यायच्या. नोंदवहीत 'कुठे सोडायचं' असा रकाना असतो. मी लिहिलं: काकूंचं घर, दुसरा मजला, जिन्याच्या उजवीकडे.